मेंदूतली एक कडी : टीबी की जंत?

समजा, डहाणू किंवा तलासरीतल्या एखाद्या पाड्यावरच्या बारा वर्षांच्या मुलीला अचानक फिट आली. ताप नाही, डोक्याला मार नाही. (ताप असता तर आधी रक्त तपासून फॅल्सिपॅरम मलेरिया बघायला हवा. तो मेंदूत गेला तर तासांचा प्रश्न असतो.) सीटी स्कॅनमध्ये एक छोटी गोल कडी दिसते, भोवती सूज. आपल्याकडे मुख्य शंका दोन : टीबीची गाठ, किंवा डुकरातल्या फीतकृमीची अळी, म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस. निदान चुकलं तर कित्येक महिने टीबीची औषधं उगाच, नाहीतर खरा टीबी तसाच.

एकेकाळी भारतात अशी कडी बऱ्याचदा टीबीचीच धरली जायची. औषधं दिली की कडी जायची, म्हणजे निदान बरोबर! इथेच गोम आहे. वेल्लोरच्या सीएमसीमध्ये डॉ. वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा बऱ्याच गाठींत अळी निघाली. शिवाय नुसत्या फिटच्या औषधांवरही अनेक कड्या आपोआप विरल्या. तुलनेचा गट नसेल तर 'औषधाने बरं झालं' या वाक्याला अर्थ नाही, हे लक्षात ठेवा.

त्यातून साधे निकष आले : कडी 20 मिमीपेक्षा लहान, मेंदू एका बाजूला सरकलेला नाही, डोक्यातला दाब सतत वाढलेला नाही, हातापायांची ताकद कमी होत चाललेली नाही, शरीरात इतरत्र टीबी नाही. रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून अळी नाही असं म्हणता येत नाही. एकच गाठ असेल तर ती बऱ्याचदा चुकते.

उपचारात फिटची औषधं आधी. अल्बेंडाझोलने अळी मरते, पण मरताना सूज वाढते; म्हणून स्टेरॉइड आधी सुरू करतात. डोळ्यात अळी नाही ना, हेही आधी बघतात.

आता फील्डवर्कचं. डुकराचं कच्चं मांस खाऊन आतड्यात फीतकृमी होतो. मेंदूत अळी जाते ती त्याची अंडी पोटात गेल्याने. अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांवरून, भाजीवरून. त्यामुळे शाकाहारी घरातही हा आजार होतो. म्हणून प्रश्नावलीत फक्त 'डुक्कर खाता का?' विचारलंत, तर निम्मं उत्तर हातचं गेलं. शौचालय, पाणी, हात धुणं, घरात कुणाच्या शौचातून पट्टीसारखे तुकडे पडतात का, हे विचारा.