तांबीवरचा जुना आळ (लेखांक ६)

तांब्याचे आयन शुक्राणूंना कसे निकामी करतात ते गेल्या आठवड्यात पाहिलं. त्यावर हमखास येणारी शंका अशी : तांबीमुळे गर्भपिशवीला सूज येते म्हणता, मग आत जंतूही माजत असतील ना?

सूज येते, हे खरं. परकी वस्तू दिसली की शरीर पांढऱ्या पेशी धाडतं. न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज अस्तरात जमतात, प्रोस्टाग्लँडिन वाढतात आणि तांब्यामुळे ही धावपळ आणखी जोर धरते. पाळीला जास्त जाणं, ओटीपोट दुखणं हे त्यातलंच. पण ही सूज जंतूंविना आलेली असते आणि गर्भपिशवीपुरतीच राहते. अंगातली प्रतिकारशक्ती तिच्यामुळे खालावत नाही. उलट गर्भ न राहू देण्यात तिचाही वाटा आहे.

मग जंतू येतात कधी? अमेरिकेत डॅनिएल मिशेल आणि सहकाऱ्यांनी १९६६मध्ये याचा छडा लावला. गर्भपिशवी काढायचं आधीच ठरलेल्या स्त्रियांना त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी वेगवेगळ्या दिवशी लूप बसवला. तेव्हाचा लूप नुसत्या प्लास्टिकचा, तांबं नसलेला. नमुना घेताना त्यांनी योनिमार्ग टाळला, कारण तिथले जंतू चिकटून आले असते तर सगळा खटाटोप वाया गेला असता. पहिल्या चोवीस तासांत आत जंतू सापडले. महिना उलटल्यावर मात्र पिशवी निर्जंतुक झालेली होती. म्हणजे बसवताना ढकलले गेलेले जंतू शरीरानं स्वतःच निपटले.

जागतिक आरोग्य संघटनेची १९९२मधली आकडेवारी हेच सांगते. हजार स्त्रियांमागे वर्षाच्या हिशेबानं ओटीपोटातल्या संसर्गाचं प्रमाण पहिल्या २० दिवसांत ९.७ होतं, नंतर ते १.४वर आलं.

आळ आला तो मुख्यतः ‘डॅल्कन शील्ड’पायी. १९७०च्या दशकात अमेरिकेत विकल्या गेलेल्या या साधनाचा दोरा अनेक बारीक तंतूंचा होता, वरून नायलॉनचं आवरण. त्या तंतूंमधून ओलावा वर चढे आणि सोबत जंतूही. तांबीचा धागा एकसंध असतो, पण बदनामी सरसकट सगळ्यांच्या वाट्याला आली. २००१मध्ये मेक्सिकोतल्या अभ्यासात, गर्भनलिका बंद होण्याशी पूर्वी वापरलेल्या तांबीचा संबंध दिसला नाही. क्लॅमिडियाच्या जुन्या संसर्गाचा दिसला.

म्हणून बसवण्याआधीची तपासणी घाईत उरकू नये. गर्भाशयमुखातून पू येत असेल, गनोरिया वा क्लॅमिडिया असेल, तर आधी उपचार, मग तांबी. लैंगिक आजारांपासून ती वाचवत नाही, त्याला निरोधच हवा. ताप, ओटीपोटात जोराची कळ, दुर्गंधीयुक्त स्राव, विशेषतः पहिल्या तीन आठवड्यांत, दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. संसर्ग निघाला तरी तांबी लगेच काढावीच लागते असं नाही. आधी प्रतिजैविकं देतात आणि दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर ती काढायचा विचार होतो. नुसतं पांढरं जातंय म्हणून तपासणीविनाच ती काढून टाकणं मला तरी पटत नाही.