उजवीकडे पळणारा ड्राइव्ह सरळ कसा करायचा

2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली. गोल्फशी काहीही संबंध नसलेली घरंही त्या सकाळी टीव्हीपुढे बसली होती. आमच्या ढाणकीत गोल्फ कोर्स नाही; पण इथून पुण्या-हैदराबादला नोकरीला गेलेल्या कुणालाही तिथल्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे चेंडू मारण्याच्या सरावाच्या मैदानावर, हा खेळ शिकता येतो. तिथे नवख्याची पहिली डोकेदुखी एकच: स्लाइस.

स्लाइस म्हणजे चेंडू हवेत उजवीकडे वळत जाणं. (हे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी, डावखुऱ्यांनी दिशा उलट धरावी.)

आधी कारण पाहू. चेंडू साधारण क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठीचा, चेहरा जिकडे पाहतो तिकडे निघतो. क्लब ज्या वाटेने आला त्या वाटेपेक्षा चेहरा उजवीकडे, किलकिल्या दारासारखा उघडा राहिला, की चेंडूला तिरकी गिरकी बसते आणि तो वळतो. ड्रायव्हर हा सर्वांत लांब क्लब, सुमारे 45 इंचांचा. त्याचा चेहरा जेमतेम 10 अंश मागे कललेला असल्यामुळे तिरकेपणा त्यात जास्त दिसतो. म्हणून सात नंबरचा आयर्न, म्हणजे त्याहून आखूड क्लब, सरळ जातो आणि ड्रायव्हर दगा देतो.

इथेच बहुतेक जण फसतात. चेंडू उजवीकडे जातो म्हणून ते नेम डावीकडे धरतात. त्याने क्लब आणखी बाहेरून आत कापत येतो आणि वळण वाढतं. म्हणून आधी चेहरा, मग वाट, हा क्रम सोडू नये.

पहिली पायरी पकडीची. डावा हात दांड्यावर ठेवून खाली पाहावं. बोटांचे दोन-तीन सांधे दिसायला हवेत. एकच दिसत असेल, तर हात किंचित उजवीकडे फिरवावा. ही पकड आठवडाभर विचित्र वाटते. तेवढ्यावरून जुनीकडे परतू नये.

दुसरी पायरी उभं राहण्याची. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत आणि टीवर, म्हणजे तो ठेवायच्या खुंटीवर, इतका उंच, की निम्मा चेंडू ड्रायव्हरच्या वर दिसेल. चेंडू फार पुढे ठेवला तर त्याला गाठताना खांदे डावीकडे उघडतात. जमिनीवर एक काठी नेमाच्या दिशेने ठेवून पावलं, कंबर, खांदे तिला समांतर आहेत का ते तपासावं.

तिसरी पायरी वाटेची. क्रिकेट खेळलेल्यांना उजव्या हाताने जोर काढायची सवय असते. मग उजवा खांदा आधी पुढे येतो आणि क्लब बाहेरून खाली उतरतो. चेंडूच्या पलीकडे, थोडं मागे रिकामं खोकं ठेवावं. क्लब बाहेरून आला तर खोकं उडेल. खाली येताना सुरुवात कंबरेने करावी, खांदे मागून येऊ द्यावेत. आधी सात नंबरच्या आयर्नने अर्धाच फटका, मग ड्रायव्हर.

चौथी पायरी तपासणीची. चेंडूच्या मागच्या अंगाला व्हाइटबोर्ड मार्करने ठिपका काढून फटका मारावा. क्लबवर डाग उमटतो. डाग दांड्याच्या बाजूला असेल, तर तेवढ्यानेही स्लाइस वाढतो. अशा वेळी बोटभर मागे उभं राहून पाहावं.

प्रशिक्षकाकडे जाताना नेमाच्या रेषेत मागून काढलेला मोबाइलचा व्हिडिओ न्यावा. एका धड्यात एकच दुरुस्ती मागावी. चार सूचना एकदम घेतल्या तर एकही अंगवळणी पडत नाही. पुढचा धडा ती दुरुस्ती मुरल्यावर घ्यावा.

दिवाळीला गावी आल्यावरही सराव चालू राहतो. सोयाबीन निघालेल्या वावरात सरावाचे हलके प्लास्टिकचे चेंडू मारावेत. समोर आणि आजूबाजूला माणूस-जनावर नाही याची खात्री करून. घाईने मारलेल्या शंभर चेंडूंपेक्षा दर वेळी पकड नव्याने धरून मारलेले वीस कामाचे.

कधीतरी चेंडू डावीकडे वळू लागेल. घाबरू नये, चेहरा बंद व्हायला शिकला, एवढाच त्याचा अर्थ. पकड किंचित मागे घ्यावी. सरळ निघून शेवटी जरासा उजवीकडे झुकणारा फटका म्हणजे फेड. तो कसलेले खेळाडू मुद्दाम मारतात, त्यामुळे तिथवर पोचल्यावर आणखी दुरुस्तीच्या मागे लागू नये.