मावळतीची जलयात्रा

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. कयाधूचे पाणी पैनगंगेत मिळते आणि पुढे गोदावरीवाटे पूर्वेच्या बंगालच्या उपसागराला जाते. त्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवतो. तो समुद्रात बुडताना पाहावयाचा, तर पश्चिम किनारा गाठावा लागतो. मालवणजवळ देवबाग येथे कर्ली नदी अरबी समुद्राला मिळते. सायंकाळी तेथे पर्यटकांसाठी होड्या निघतात.

होडी निवडताना तिच्या रंगाला भुलू नये. किती माणसांची परवानगी आहे व प्रत्यक्षात किती बसली आहेत, हे मोजावे. तरंगते जाकीट अंगात घातल्याखेरीज होडीत पाय ठेवू नये. पावसाळ्यात तर हा बेतच सोडावा. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. किनारा फार दूर नव्हता! भरतीची वेळही विचारून घ्यावी. ती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, आणि ओहोटीत नदीच्या मुखाशी वाळूचे पट्टे वर येतात.

एवढी खात्री झाली, की निश्चिंत मनाने पश्चिमेकडे वळावे. क्षितिजाला टेकलेले तांबूस बिंब चपटे दिसते, कारण हवेच्या दाट थरांतून येताना किरण वाकतात. खरे पाहता, त्या क्षणी सूर्य क्षितिजाखाली गेलेलाच असतो! बिंब टेकल्यापासून बुडेपर्यंत दोन-सव्वादोन मिनिटे लागतात. मग उतारूंची परतण्याची लगबग सुरू होते. जाणता तांडेल मात्र घाई करीत नाही. लाल-जांभळ्या रंगांची खरी उधळण त्यानंतरच्या पाव तासात होते.