जॅकेट मापाचं हवं!

ब्लाउजची बाही अर्धा इंच सैल झाली तर टेलरकडे तीन चकरा मारणारी मी. पण मालवणला बोटीवरच्या ढिगातून एका मुलाने जे जॅकेट हातात दिलं, ते मात्र निमूटपणे अंगात चढवलं! सैल आहे हे कळत होतं. पण मागे लोक खोळंबले होते, ऊन चढत होतं, आणि आपण एकटीनेच कशाला कुरकुर करायची, असं वाटलं. त्याच्याआधी त्याने सगळ्यांसमोर विचारलं होतं, ‘‘काकू, वजन किती?’’ मी सहा किलो कमी सांगितलं होतं. (हसू नका. तुम्हीही तेच केलं असतं.)

पुढे काय झालं ते सांगते. शिडीवरून पाण्यात उतरले, त्याने जॅकेटमध्ये हवा भरली आणि ते सरसर वर चढून कानांना टेकलं. हनुवटी आत, मी खाली. हवेची नळी अजून तोंडात घातलेली नव्हती. एक लाट आली आणि घोटभर खारं पाणी पोटात. त्या मुलाने लगेच धरलं, ‘‘काय होवचा नाय, काकू’’ म्हणाला, आणि खरंच काही झालं नाही. पण माझं धाबं दणाणलं ते दणाणलंच. नवरा आणि लेक खाली जाऊन रंगीत मासे बघून आले, मी बोटीवर टॉवेल गुंडाळून बसले. डोंबिवलीहून ठाण्याला येऊन रात्रीची कोकणकन्या पकडायची, सकाळी कुडाळला उतरायचं, मालवण गाठायचं, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटापाशी जाऊन समुद्र वरूनच बघायचा! फार जिव्हारी लागलं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी, सावळाराम क्रीडा संकुलात पोहायला शिकून, मी रीतसर स्कूबाचा कोर्स केला. आधी ठाण्यातल्या एका तरणतलावात सराव आणि मग पुन्हा मालवण. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. पहिल्याच दिवशी तिने आम्हाला पाण्यात न नेता अर्धा तास त्या जॅकेटवरच बोलत बसवलं. त्याला बीसीडी म्हणतात. तेव्हा कळलं, की आपण ज्याला जॅकेट म्हणतो त्या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत.

तलावपाळीच्या बोटिंगला घालतात ते लाइफ जॅकेट. त्याचं काम एकच, माणसाला वर ठेवायचं. बीसीडी म्हणजे हवेची पिशवी असलेलं, पाठीवर सिलिंडर बांधायची सोय असलेलं जॅकेट. डाव्या खांद्यावरून एक नळी येते, तिला दोन बटणं. एक दाबलं की सिलिंडरमधली हवा आत येते, दुसऱ्याने बाहेर जाते. हवा भरली की वर, सोडली की खाली, आणि नेमकी जमली की पाण्यात अधांतरी. पण बेशुद्ध माणसाचं तोंड ते पाण्याबाहेर ठेवीलच, याची खात्री नाही. म्हणून बीसीडी हे लाइफ जॅकेट नव्हे. बोटीतून जाताना आणि परत येताना लाइफ जॅकेट अंगावर हवंच. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ उलटलेली पर्यटकांची बोट स्कूबा करूनच परतत होती, दोघांचा जीव गेला. ‘आता किनारा आलाच की’ म्हणून बंद सोडून बसणाऱ्या बायका मी अजूनही बघते.

आता मापाचं. माझ्या मालवणच्या फजितीचं कारण त्या मुलीने एका मिनिटात दाखवलं. जॅकेट घालायचं, सगळे बंद आवळायचे आणि दुसऱ्या कुणाला तरी खांद्यांवर धरून वर ओढायला सांगायचं. ते कानांपर्यंत आलं तर आपल्या मापाचं नाही. लाइफ जॅकेटलाही हीच परीक्षा. मग बीसीडीत पूर्ण हवा भरायची आणि खोल श्वास घ्यायचा. बरगड्या दाबल्या जात असतील, श्वास अर्धवट होत असेल, तर ते लहान आहे. आणि हे सगळं पोहण्याचा सूट घालून करायचं, घरच्या कपड्यांवर नाही. बायकांसाठी वेगळ्या बेतणीची जॅकेटं मिळतात. त्यांची पाठ आखूड असते आणि खांद्याचे पट्टे छातीवरून सरळ न येता बाहेरून वळून येतात. पुरुषांचं मधलं माप अंगात गेलं म्हणून ते आपलं झालं असं नाही. भाड्याने देणाऱ्यांकडे लहान मापं बहुधा ढिगाच्या तळाशी असतात, मागितल्याशिवाय वर येत नाहीत.

प्रकारही दोन. एकात हवा पोटाच्या दोन्ही बाजूंनी भरते, दुसऱ्यात फक्त पाठीमागे. पाठीमागचं पाण्याखाली फार सुखाचं, पुढे काही आवळत नाही. पण पृष्ठभागावर आल्यावर ते नवख्या माणसाला तोंडाकडे ढकलतं. माझ्यासारखीने पहिला प्रकारच घ्यावा, असं माझं मत. आणि ‘जास्त हवा मावते ते जास्त चांगलं’ हा समजही काढून टाका. आपल्याकडच्या कोमट पाण्यात सूट पातळ असतो, फार मोठी पिशवी लागत नाही. मोठ्या पिशवीत हवा इकडून तिकडे डुचमळते आणि आपण कलंडतो.

माझं खोटं वजनही तिथेच उघडं पडलं! पाण्याखाली जायला कमरेला शिसं बांधावं लागतं. किती, ते आपल्या अंगावर ठरतं. चरबी पाण्यापेक्षा हलकी, म्हणून गुबगुबीत माणूस जास्त तरंगतो, त्याला शिसंही जास्त लागतं. अंदाज आला की पाण्यात खात्री करायची. जॅकेट रिकामं, श्वास नेहमीइतका धरलेला, आणि पाणी डोळ्यांच्या रेषेत. श्वास सोडला की हळूच खाली जायला हवं. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडं जड, म्हणून समुद्रात तलावापेक्षा एक-दोन किलो अधिक लागतं. आणखी एक गंमत, सिलिंडरमधली हवा संपत आली की तो साधारण दोन किलोंनी हलका होतो. ते शिसं ठरवतानाच धरायचं, नाहीतर शेवटी वर उचलले जाल. शिशाचा पट्टा एका हाताने, न बघता सुटायला हवा. साडीची गाठ मारतो तशी मारायची नाही!

खाली १० मीटरवर दाब वरच्या दुप्पट होतो, म्हणजे जॅकेटमधली हवा निम्मी आकसते. वर येताना तीच फुगते. ती वेळेवर सोडली नाही तर माणूस बाटलीच्या बुचासारखा वर उसळतो, आणि त्यात श्वास कोंडून धरला असेल तर फुप्फुसाला इजा होते. म्हणून जॅकेट निवडताना हवा सोडायच्या जागा हाताने चाचपून बघाव्यात. खांद्यावरची दोरी आणि कमरेमागची दोरी दोन्ही हाती लागतात ना, बटण अडकत नाही ना. पूर्ण फुगवून अर्धा तास ठेवावं, मऊ पडलं तर कुठेतरी गळतंय.

विकत घ्यावं का? मी घेतलेलं नाही. वर्षातून एकदा, तेही पावसाळा सोडून जाणाऱ्याने एवढे हजारो रुपये अडकवू नयेत. आधी स्वतःचा मास्क घ्यावा, तो चेहऱ्याला नीट बसला पाहिजे. जॅकेट भाड्याचं चालतं. आणि घेतलंच, तर दर वेळी आतूनबाहेरून गोड्या पाण्याने धुवून, अर्धवट फुगवून सावलीत वाळवावं लागतं. आमच्या गॅलरीत दोऱ्यांवर आधीच जागा नाही.

पोहता न येणाऱ्या पर्यटकांनाही मालवणला हात धरून थोड्या पाण्यात नेतात. त्यात गैर काही नाही. पण रांग कितीही लांब असो, जॅकेट वर ओढून बघितल्याशिवाय शिडीला हात लावू नका. दुसऱ्या खेपेला मी तीन जॅकेटं परत केली. चौथं बसलं. बोटीवरचा मुलगा जरा वैतागला, मग त्यानेच पट्टे आवळून दिले.

त्या दिवशी खडकाजवळ मी हात न हलवता एका जागी तरंगत राहिले. समोर चट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि माझ्या श्वासाबरोबर मी वीतभर वर, वीतभर खाली.

दुधाच्या हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आता लिहून ठेवलंय : जॅकेट लहान, बायकांचं. सूट ३ मिमी. शिसं तलावात ४, समुद्रात ६ किलो. माझं वजन ६४. खरं.