सव्वा महिन्यानंतर

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची ठरलेली रीत. सातव्या-आठव्या महिन्यात लेक येते, मागची खोली तिची होते आणि बाळ आलं की अख्ख्या घराचं वेळापत्रक बदलतं. सकाळी मालिशवाल्या मावशी येतात. कोमट तेलानं कंबर, पाठ, पिंढऱ्या चोळून काढायच्या, कढत पाण्याची आंघोळ, पोटाला घट्ट पट्टा, ओवा-शेपांची धुरी. तोवर अळिवाची खीर निवते, डिंकाचा लाडू समोर येतो. यातलं सगळंच डॉक्टरांना पटत नाही, आणि ते बरोबरच आहे. बंद खोलीतला धूर बाळाला वाईट. ‘पाणी बेतानं पी’ हा सल्ला तर अंगावर पाजणाऱ्या बाईला अगदीच उलटा. माझ्या मते या सगळ्यात गुणकारी असतात त्या मावशींच्या गप्पा. अमकीला आठवडाभर दूध उतरलं नव्हतं, तमकी रोज संध्याकाळी रडायची. ऐकता ऐकता बाळंतिणीचा जीव खाली पडतो.

सव्वा महिना झाला की हे बस्तान उठतं. मावशींचा हिशेब, साडीचोळी होते, ओटी भरून लेक सासरी जाते. (दुसरेपणी तर माहेर मिळेलच असं नाही.)

सरकारी घरभेटींचा पहिला टप्पाही साधारण तिथंच संपतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि पुढं देशभर आशाताई घरोघरी जाऊ लागल्या. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. नंतरच्या भेटी थेट तिसऱ्या महिन्यापासून, आणि त्यांचा मुख्य रोख बाळाच्या वाढीवर.

आता मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला गोव्यातला अभ्यास पाहा. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या आयांपैकी २३ टक्क्यांना नैराश्य होतं. म्हणजे मावशींचं आणि आशाताईंचं येणं थांबतं, त्याच सुमारास. पहिल्या काही दिवसांतलं रडू बहुतेक वेळा दोन आठवड्यांत ओसरतं. हे त्यापलीकडचं दुखणं. यातल्या बऱ्याच जणी गरोदरपणातच खचलेल्या होत्या. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेलं नातं, मुलगा हवा असताना झालेली मुलगी, अशी कारणं निघाली. ‘बाळंतीण हळवी असायचीच’ म्हणणाऱ्या घराला यातलं काहीच दिसत नाही, किंवा दिसून न दिसल्यासारखं करता येतं.

यावरचा एक उपायही गोव्यातच करून पाहिला गेला. स्वतः आई असलेल्या स्थानिक बायकांना शिकवून, ‘सखी’ म्हणून, खचलेल्या गरोदर बायकांकडे पाठवलं. प्रसूतीनंतरही त्या येत राहिल्या. सहा महिन्यांनी पाहिलं तर सखी लाभलेल्यांमध्ये बऱ्या झालेल्यांचं प्रमाण जास्त होतं.

शहरात प्रश्न आणखी वेगळा. २०१७च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली (शेतमजूर बाईला तीही नाही). पण मदतीला आलेली आई गावी परतली आणि नवरा ऑफिसला गेला की फ्लॅटमध्ये उरतात बाळंतीण आणि बाळ. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पितृत्व रजा १५ दिवसांची. खासगी नोकरीत कायद्यानं तेवढीही नाही. मिळेल ती रजा पहिल्याच आठवड्यात पेढे वाटण्यात उडवण्यापेक्षा, नियमात बसत असेल तर, बायको माहेराहून परतेल तेव्हासाठी राखून ठेवावी. मावशींचं येणंही आठवड्यातून एखादा दिवस पुढं चालू ठेवता येतं. आणि रडू, झोप उडणं, बाळाकडे बघवेनासं होणं दोन आठवड्यांपुढं टिकलं, तर डॉक्टरांना दाखवावं किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावं. स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर मात्र तिला एकटं न सोडता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.