पोलादी पत्र्याचा दाखला

आमच्या भिवंडींत मागावर चढणाऱ्या ताण्यास आधीं खळ द्यावी लागते, व खळ दिलेलें सूत वाफेनें तापविलेल्या सिलिंडरांवर वाळवितात. ही वाफ सायझिंगच्या कारखान्यांतील बॉयलर पुरवितो. गांवाभोंवतीं आतां पोलादी सांगाड्यांचीं मोठमोठीं गोदामेंही उभीं राहिलीं आहेत. बॉयलरचा पत्रा काय आणि गोदामाच्या तुळईचा पत्रा काय, डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात. मग त्यांत भेद तो कोणता?

गोदामाची तुळई भार वाहते; भार फार झाला तर ती बहुधा आधीं वांकते व सूचना देते. बॉयलरच्या पत्र्यास मात्र आंतील वाफ सर्व बाजूंनीं रेटीत असते, शिवाय उष्णतेचा ताप निराळाच. तो फाटला तर कोंडलेल्या तप्त पाण्याची क्षणार्धांत वाफ होऊन स्फोट घडतो. १८६३ सालीं कलकत्त्यास अशाच स्फोटांत माणसें दगावलीं, तेव्हां १८६४ सालीं कलकत्ता शहर व त्याच्या उपनगरांपुरता कायदा झाला. पुढें १९२३ सालीं बॉयलरांचा हिंदी कायदा आला, व त्याची जागा २०२५ सालीं नव्या कायद्यानें घेतली.

पोलाद कसें असावें हें ज्या लेखांत ठरवून दिलेलें असतें, त्यास मानक म्हणतात. आपल्या देशांत १९४७ सालीं भारतीय मानक संस्था स्थापन झाली. तिचें कार्य आज भारतीय मानक ब्यूरो चालवितो. बांधकामाच्या पोलादाच्या मानकाचा अंक २०६२, तर बॉयलरच्या पत्र्यांच्या मानकाचा २००२ होय.

मानक मुख्यत्वें तीन गोष्टी सांगतें. पहिली, घटकांची मर्यादा. कार्बन वाढला तर पोलाद कठीण होतें, पण वेल्डिंगचा सांधा तडकण्याचें भय वाढतें. गंधक व स्फुरद वाढले तर तें ठिसूळ होतें. दुसरी, बळ. २०६२ मधील 'ई २५०' ही प्रत घ्या. तिच्या २० मिलिमीटरहून पातळ पत्र्यानें दर चौरस मिलिमीटरास २५० न्यूटन, म्हणजे सुमारें २५ किलोग्रॅमचा भार, कायमचें न ताणतां सोसला पाहिजे. तिसरी गोष्ट लांबण्याचा गुण. पत्रा तुटण्यापूर्वीं पुरेसा लांबला पाहिजे, कांचेसारखा एकाएकीं तडकतां कामा नये.

परीक्षेंतही भेद आहे. अमेरिकेंतील 'ए ६' या मानकाप्रमाणें बांधकामाच्या पत्र्यांसाठीं सामान्यतः भट्टीच्या एका खेपेंतील दोन नमुने ताणून पाहतात. दाबपात्रांच्या 'ए २०' प्रमाणें मात्र लाटून निघालेल्या प्रत्येक पत्र्याचा नमुना घ्यावा लागतो. परीक्षेचे आंकडे व खेपेचा अंक दाखल्यावर लिहितात, आणि तोच अंक पत्र्यावर उमटवितात. दोन्ही अंक जुळले, तरच दाखला त्या पत्र्याचा.

म्हणून भंगारांतून आणलेला निनांवी पत्रा कितीही भक्कम दिसला, तरी तो बॉयलरास लावूं नये. बॉयलरपाशीं उभा राहणारा कामगार आपल्यांपैकींच कोणाचा तरी पिता वा बंधु असतो. पुढें कारखान्यांत काम करूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनीं पत्रा हातीं घेण्यापूर्वीं दाखला वाचण्याची संवय लावून घ्यावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.