औषधशाळेतील दुसरा माणूस

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण, एकूण सोळा. हे सोळा गुण परीक्षेत लिहिले नाहीत असा आयुर्वेद पदवीधर सहसा सापडणार नाही. व्यवसायात पाऊल टाकल्यावर मात्र यांपैकी तीनच पाद आपल्या लक्षात राहतात. वैद्य आपण स्वतः, द्रव्य म्हणजे बाजारातील खरेदी आणि रोगी म्हणजे दारात येणारी व्यक्ती. उपस्थाता कोठे गेला, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

मूळ संदर्भ रुग्णपरिचारकाचा आहे, हे मान्यच आहे. परंतु ज्या वैद्यांनी चिकित्सालयाच्या जोडीने लहानशी औषधशाळा चालविली आहे, त्यांना हा पाद किती व्यापक आहे ते ठाऊक असेल. वनस्पती निवडणारी बाई, काहिलीपाशी उभा असणारा कारागीर, पुड्या बांधणारा कंपाउंडर, विक्रीच्या खिडकीवरील मुलगा, हे सर्व उपस्थातेच होत. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे जे चार गुण आचार्यांनी त्याच्या ठिकाणी अपेक्षिले, ते नोकर निवडताना आजही लावून पाहण्याजोगे आहेत. त्यातही पहिला गुण ज्ञानाचा आहे आणि ज्ञान हे कोणीतरी द्यावे लागते, एवढे येथे लक्षात घ्यावे.

व्यवसायवृद्धीविषयी आपल्या वर्तुळात पुष्कळ बोलले जाते. नवीन यंत्र, नवीन वेष्टन, नवीन गाव असे त्या चर्चेचे सर्वसाधारण स्वरूप असते. लहान औषधशाळांची वाढ ज्या ठिकाणी खुंटते ते ठिकाण बहुधा निराळे असते, असे माझे निरीक्षण आहे. मालकाशिवाय, किंवा एखाद्या जुन्या कारागिराशिवाय, तेथील कामाचे पानही हलत नाही.

माझ्या परिचयातील एका तालुक्याच्या गावची गोष्ट सांगतो. दुसऱ्या पिढीतील वैद्य, सकाळ-सायंकाळ चिकित्सालय आणि मागील वाड्यात औषधशाळा. सत्तरच्या आसपास कल्पांचा परवाना. पाकाचे सर्व काम एका वयोवृद्ध कारागिराच्या हाती होते. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण अवलेहाचा पाक ते नुसत्या वासावरून ओळखीत. एके वर्षी ऐन आवळ्याच्या हंगामात ते आजारी पडून गावी गेले. आवळा येऊन पडलेला, त्यामुळे थांबणे शक्य नव्हते. मदतनिसांनी च्यवनप्राश शिजविला. पाक खर झाला, काही दिवसांतच बरण्यांत साखरेचे खडे धरू लागले आणि दिवाळीपूर्वीच अनेक वैद्यांकडून माल परत आला. मालक तज्ज्ञ होते, मदतनीस प्रामाणिक होते, द्रव्ये उत्तम होती. मात्र त्या कारागिराच्या बोटांत जे होते ते गेल्या वीस वर्षांत दुसऱ्या कोणाच्या बोटांत उतरले नव्हते आणि कागदावरही आले नव्हते.

वस्तुतः आपल्या शास्त्राने ही विद्या गुप्त ठेवलेली नाही. अवलेह सिद्ध झाला म्हणजे तार सुटते, पाण्यात टाकलेला थेंब न पसरता तळाशी बसतो, बोटाने दाबल्यास रेषा उमटतात आणि द्रव्याचा विशिष्ट गंध, वर्ण व रस प्रकट होतो. स्नेहपाकात कल्काची वात वळते, ती अग्नीवर धरल्यास तडतडत नाही, तैलात फेस येतो आणि घृतात तो शमतो. संधान पूर्ण झाले की भांड्यातील आवाज थांबतो, तोंडाशी धरलेली पेटती काडी विझत नाही आणि निघणाऱ्या वायूने चुन्याची निवळी दुधाळ होणे बंद होते. या परीक्षा डोळ्यांनी, कानांनी, बोटांनी करावयाच्या आहेत. त्यांस पदवी लागत नाही. सातवी-आठवी शिकलेला चुणचुणीत मुलगा एका हंगामात त्यांत तयार होऊ शकतो. त्यास कारण मात्र सांगितले पाहिजे. ‘आता उतरव’ एवढेच वर्षानुवर्षे ऐकणारा माणूस पातेले उतरविण्यापलीकडे काही शिकत नाही.

येथे नोंदवहीचा मुद्दा येतो. औषधे व प्रसाधने नियमांत २००० साली अनुसूची टी समाविष्ट झाली आणि उत्तम निर्मितीपद्धतीचे निकष आपणांस लागू झाले. किमान बाराशे चौरस फुटांची जागा, पूर्णवेळ तांत्रिक व्यक्ती, कच्च्या मालाची नोंद, प्रत्येक बॅचची निर्मितीनोंद, वितरणाची नोंद, तक्रारींची नोंद. (केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणारे व बाजारात न विकणारे नोंदणीकृत वैद्य या निकषांतून वगळलेले आहेत, हे अनेकांस अद्याप ठाऊक नसते.) या नियमांविषयी आपल्या सभांमधून पुष्कळ नाराजी व्यक्त झाली आणि जागेच्या अटीने काही जुन्या घरगुती औषधशाळांची अडचण झाली हेही खरे. परंतु बॅचच्या नोंदीकडे आपण ज्या दृष्टीने पाहतो ती आपली स्वतःचीच हानी करणारी आहे. अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक येणार म्हटल्यावर आदल्या रात्री बसून सहा महिन्यांच्या नोंदी एकाच शाईने भरणारे मालक मी पाहिले आहेत. असे कागद निरीक्षकाच्या उपयोगाचे नाहीत आणि मालकाच्या तर नाहीतच.

तीच वही काहिलीपाशी ठेवून पाहावी. आवळा कोणत्या गावचा, किती किलो, उकडल्यावर गर किती निघाला, तूप किती लागले, अग्नी केव्हा मंद केला, तार केव्हा सुटली, शेवटी वजन किती भरले. लिहिणारा हात कारागिराचा किंवा त्याच्या मदतनिसाचा असावा. अशुद्ध लिहिले तरी चालेल. तीन हंगामांच्या अशा नोंदी हाती आल्या की, अमुक बागेचा आवळा कमी गर देतो, पावसाळी हवेत पाकास अधिक वेळ लागतो, अमुक व्यापाऱ्याच्या मधाने चव बदलते, अशा गोष्टी आपोआप डोळ्यांपुढे येतात. नव्या माणसास शिकविण्यासाठी याहून चांगले पाठ्यपुस्तक नाही. शिवाय ते आपल्याच घरात तयार झालेले असते.

जबाबदारी सोपविताना कामाचा तुकडा देऊ नये, संपूर्ण कल्प द्यावा, असे मी सुचवीन. एकाने फक्त कुटावे, दुसऱ्याने फक्त चाळावे, तिसऱ्याने फक्त भरावे अशी वाटणी केली की चूर्ण वस्त्रगाळ का झाले नाही याचे उत्तर कोणीच देत नाही. त्याऐवजी हिंग्वष्टक चूर्ण एका व्यक्तीच्या स्वाधीन करावे. हिंग तुपात भाजण्यापासून ते लेबल लागेपर्यंत ते तिचे. पहिल्या तीन बॅचेस मालकाने शेजारी बसावे, पुढील तीन फक्त तपासाव्यात, त्यानंतर अधूनमधून नमुना घ्यावा. हिंग्वष्टक जमले की एखादी गुटी, मग तैल, मग अवलेह. भस्म आणि कूपीपक्व रसायने मात्र शेवटपर्यंत वैद्याच्या प्रत्यक्ष नजरेखाली राहावीत; त्या ठिकाणी विश्वासाचा प्रश्न नसून रुग्णाच्या जिवाचा आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, शिकविलेला माणूस सोडून जातो आणि शेजारच्या गल्लीत स्वतःचे दुकान मांडतो. असे घडते, नाकारण्यात अर्थ नाही. तरीही आपले पाठ ग्रंथोक्त आहेत, ते कोणासही उपलब्ध आहेत. आपली खरी पुंजी म्हणजे चांगले द्रव्य मिळविण्याचे संबंध, वैद्यांचा विश्वास आणि सातत्य. ती एकटा कारागीर पिशवीत घालून नेऊ शकत नाही. उलट ज्यास काहीच शिकविले नाही, ज्याचा पगार पाच वर्षे तोच आहे आणि ज्यास मालकाने चारचौघांत ‘अरे ए’ म्हणून हाक मारली, त्याला राहण्याचे कारण तरी कोणते? आचार्यांनी अनुराग हा उपस्थात्याचा गुण सांगितला. तो एकतर्फी निर्माण होत नाही.

या संदर्भात कोट्टक्कलच्या आर्य वैद्यशालेचा इतिहास प्रत्येक औषधशाळाचालकाने समजून घ्यावा असा आहे. वैद्यरत्नम् पी. एस. वारियर यांनी १९०२ मध्ये केरळातील एका लहान गावी ती सुरू केली. त्या काळी वैद्याने काढ्याची यादी लिहून द्यावी आणि रुग्णाने घरी तो उकळावा अशी रीत होती. वारियरांनी तयार काढे बाटलीत भरून देण्यास आरंभ केला. पण केवळ ही एक युक्ती करून ते थांबले नाहीत. पुढील वर्षीच ‘धन्वंतरी’ नावाचे नियतकालिक काढले, १९१७ मध्ये आयुर्वेद पाठशाळा सुरू केली, म्हणजे औषध बनविणारे, लिहून देणारे आणि समजून घेणारे अशी तिन्ही प्रकारची माणसे घडविण्याची सोय केली. आणि हयातीतच मृत्युपत्र करून संस्था विश्वस्त मंडळाच्या हाती जाईल अशी व्यवस्था केली. १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर धुरा सांभाळणारे पी. माधव वारियर हे १९५३ मध्ये विमान अपघातात अकस्मात गेले. एखाद्या एकखांबी औषधशाळेस एवढा आघात पुरेसा झाला असता. तेथे त्यांचे कनिष्ठ बंधू पी. के. वारियर यांनी सूत्रे हाती घेतली आणि जुलै २०२१ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी देहावसान होईपर्यंत त्यांनी संस्थेचे नेतृत्व केले. काढ्यांस गोळीचे रूप देण्यासारखे बदल त्यांच्याच काळातले.

आपली औषधशाळा कोट्टक्कल होणार नाही आणि होण्याची गरजही नाही. परंतु १९५३ च्या त्या घटनेच्या जागी स्वतःस कल्पून पाहावे. उद्या आपण नसलो तर परवाना कोठे ठेवला आहे, कोणत्या व्यापाऱ्याचे किती देणे आहे, कोणत्या भांड्यात कोणता आसव कोणत्या तारखेस घातला आहे, हे घरात कोणास सांगता येईल?

आता कल्पांच्या संख्येविषयी थोडेसे. सत्तर कल्पांचा परवाना असलेल्या औषधशाळेत बहुतेक विक्री पंधरा-वीस कल्पांचीच असते. ज्यांना शंका असेल त्यांनी गतवर्षाची बिले काढून बेरीज करावी. उरलेले कल्प ‘एखाद्या वैद्याने मागितले तर’ म्हणून फडताळात पडून असतात. शार्ङ्गधरांनी चूर्णाची वीर्यमर्यादा दोन महिने आणि गुटी-अवलेहाची एक वर्ष सांगितली. शासकीय नियमाने चूर्णास दोन वर्षांची मुदत दिली आहे. कायद्याच्या दृष्टीने आपण निर्दोष असू, पण दहा महिन्यांचे चूर्ण घेऊन रुग्णास गुण आला नाही तर वैद्य नियमाकडे बोट दाखविणार नाही. तो औषधशाळा बदलेल. मालक कल्पांची संख्या कमी करावयास तयार नसतात, कारण यादी लांब असणे प्रतिष्ठेचे वाटते. मला विचाराल तर वीस कल्प दर सहा आठवड्यांनी ताजे करणारी औषधशाळा ही लांबलचक यादीच्या औषधशाळेहून मोठी समजावी. नव्या माणसास शिकविणेही त्यामुळे सुकर होते.

उधारी हा दुखरा विषय आहे. वैद्यमित्राकडे पैसे कसे मागावयाचे, हा संकोच आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचा. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकास लेखी करार असला तरी कमाल पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळावयास हवेत. आणि आकारणी वर्ष २०२४-२५ पासून मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदारास त्या वर्षी मिळत नाही. त्यासाठी उद्यम नोंदणी केलेली असावी. मोठ्या वितरकांशी बोलताना या तरतुदीचा उल्लेख बिलावर छापलेला असला की मागण्याचा संकोच आपोआप कमी होतो. वसुलीचे कामही मालकाने स्वतः करू नये. हिशेब ठेवणाऱ्या व्यक्तीने दर महिन्याच्या पाच तारखेस फोन करावा, म्हणजे मैत्री मैत्रीच्या जागी राहते.

जाहिरातीविषयी एकच सांगतो. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्यात ज्या व्याधींची यादी आहे, त्यांत मधुमेहासह अनेक व्याधी येतात. लेबल किंवा पत्रक छापण्यापूर्वी ती यादी मजकूर लिहिणाऱ्याच्या टेबलावर असावी.

शेवटचा मुद्दा घरातील पुढच्या पिढीचा. मुलगा किंवा मुलगी पदवी घेऊन आली की तिला थेट चिकित्सालयातील खुर्चीवर बसविण्याची आपल्याकडे पद्धत आहे. औषधशाळेत ती ‘मालकाची मुलगी’ म्हणून फेरी मारते आणि परत जाते. तिने पहिले वर्ष काहिलीपाशी काढावे, त्याच जुन्या कारागिराच्या हाताखाली, आणि त्यास ‘काका’ म्हणून, नावाने नव्हे. ग्रंथातील पाकलक्षण तिने वाचून दाखवावे, त्यांनी हाताने दाखवावे आणि दोघांनी मिळून वर सांगितलेली वही लिहावी. आवळ्याचा हंगाम जवळ येत आहे. वही आजच आणून ठेवावी.